शिळी मॅच

चिंचतांड्यात पहिला रंगीत टीव्ही रुख्मिणीबाईच्या घरी आला, आणि त्या दिवसापासून तिच्या घराला दार आहे हे लोक विसरूनच गेले. संध्याकाळ झाली की कुणी पोतं घेऊन, कुणी पाट घेऊन, कुणी नुसतं लेकरू काखेत मारून तिच्या अंगणात येऊन बसे. टीव्ही ओसरीवर, त्याची छत्री पत्र्यावर आणि रिमोट रुख्मिणीबाईच्या कमरेला खोचलेला. कुठलं चॅनल लावायचं ते तीच ठरवी. कुणी कुठे बसायचं तेही तीच ठरवी. संतरामला ती खांबाजवळ बसू देत नसे, कारण तो पाठ घासून घासून खांबाचा रंग घालवी. चहा तिचा जाई, साखर तिची जाई आणि त्यावरून ती दिवसभर नवऱ्याजवळ कुरकुर करी. पण ज्या दिवशी अंगणात चार माणसं कमी दिसत, त्या दिवशी तिला भाकर गोड लागत नसे.

हे सगळं बिघडवलं तिच्या धाकट्या दिराने. जगन लहान असताना त्याची आई गेली, तेव्हा रुख्मिणीबाईनेच त्याला न्हाऊ-माखू घातलं, त्याच्या नाकाला पदर लावला आणि पुढे त्याचं लग्न संगितेशी लावून समोरच्याच जागेत त्याला घर बांधू दिलं. मधे फक्त बैलगाडीपुरती गल्ली. यंदा जगनची हळद बरी निघाली, आणि त्याच्या डोक्यात मोठ्या टीव्हीने घर केलं.

आता जगन म्हणजे साधा कासरा घ्यायचा तरी चार दुकानं हिंडणारा माणूस. टीव्हीसाठी तर त्याने दिवाळीपासून मोबाइलवर टीव्हीचेच व्हिडिओ बघायला घेतले. शेतात पाणी देताना बघायचा, जेवताना बघायचा. संगिता म्हणाली की मोबाइलवर एवढे टीव्ही बघितल्यावर आता टीव्ही घ्यायची गरजच काय, पण ते त्याच्या कानात शिरलं नाही. शेवटी थोरल्या भावाला, म्हणजे रुख्मिणीबाईच्या नवऱ्याला, भीमसिंगाला, मोटारसायकलवर मागे बसवून तो हिंगोलीला गेला. भीमसिंगाचा बाप, आजा, पणजा सगळे बैलांचे व्यापारी. आता व्यापार राहिला नव्हता, पण पारख आपल्या रक्तात आहे असा भीमसिंगाचा समज होता, आणि तो समज काढायची कुणाची हिंमत नव्हती.

दुकानात भिंतभर टीव्ही लावलेले आणि सगळ्यांत एकच मासा पोहत होता. भीमसिंग आधी प्रत्येक टीव्हीच्या मागे जाऊन आला. मग त्याने एकेकाच्या पाठीवरून हात फिरवला. दुकानातल्या विक्रेत्याने जगनला समजावून सांगितलं की साध्या एलईडीत पडद्यामागे दिवा असतो आणि तो सगळीकडे उजेड फेकतो. क्यूएलईडीत दिवा तसाच मागे, पण रंग खुलवणारा एक जादा पापुद्रा पुढे. आणि ओएलईडीत मागे दिवाच नाही, त्यातला एकेक ठिपका आपापला पेटतो आणि आपापला विझतो, म्हणून त्यातला काळा रंग खरा काळा. ते दाखवायला त्याने पडदे ओढले, दिवे मालवले आणि दार लोटलं.

"हे दार काहून लावलं?" भीमसिंगाने विचारलं.

"काका, ओएलईडी अंधारात लई खुलतो."

"आन् उजेडात?"

"उजेडात जरा दबतो."

"मंग आमाला काय कामाचा? तांड्यात कोनी दार लावून बसत न्हाई. दार लावून बघायला आमी काय चोरीचा माल बघून राहिलो का?"

झालं. काळ्या रंगावर दोन महिने अभ्यास केलेला जगन मुकाट्याने क्यूएलईडीकडे वळला. बाजूने बघितलं तर तो थोडा फिका पडत होता, पण भीमसिंगाने त्यावरही तोड काढली. तो म्हणाला, मी मधोमध बसीन.

टीव्ही टेम्पोतून आला तेव्हा अख्खा तांडा रस्त्यावर होता. नवी वस्तू घरात येताना तिला कुंकू लावायचं, हे संगितेला कुणी शिकवायला नको होतं. तिने ओलं कुंकू बोटावर घेतलं आणि टीव्हीला कपाळ कुठे असतं याचा जरा विचार करून पडद्याच्या वरच्या अंगाला मधोमध ठसठशीत टिळा लावला. जगन ओरडत धावला आणि त्याने रुमालाने तो पुसला, म्हणजे वीतभर फासला. पुढे कितीतरी दिवस त्या टीव्हीवर बातम्या देणारी प्रत्येक बाई आणि उडणारं प्रत्येक विमान त्या लाल ढगातूनच जात असे.

राहिला प्रश्न टीव्हीला दाखवायचं काय हा. केबल सेनगावातच अडकून पडलेली, ती तांड्यापर्यंत कधी आलीच नाही. छत्री होती, जशी रुख्मिणीबाईकडे होती. पण छत्रीला ढग चालत नाहीत, वारा चालत नाही आणि तिच्यावर कावळा बसला तरी चित्राच्या टिकल्या होतात. मग जगनने नव्यानेच आलेल्या फायबरची तार खांबावरून घरात घेतली. नेटवरच चॅनल, नेटवरच मॅच, नेटवरच सगळं.

"वैनी, छत्रीचा जमाना गेला आता," तो गल्लीत उभा राहून म्हणाला. "तुमी बी येत जा आमच्याकडं. तुमच्या टीव्हीत तर समदी मानसं हिरवी दिसून राहिली."

"मला हिथून दिसतंय बराबर," रुख्मिणीबाई म्हणाली आणि आत जाऊन तिने चहाच्या डब्याचं झाकण उगाच दोनदा उघडलं नि लावलं.

त्या संध्याकाळपासून तिच्या अंगणात कुणी आलं नाही. पोतीही गेली, पाटही गेले. संतराम गेला. भीमसिंगसुद्धा गेला. टीव्ही आपण पारखलाय, तेव्हा तो नीट चालतोय का ते बघायला आपण तिथे हजर पाहिजे, असं त्याचं म्हणणं. जेवायला तेवढा घरी यायचा. जगनच्या दाराशी तर आत मावेनात म्हणून माणसं गल्लीत बसू लागली, तीही रुख्मिणीबाईच्या ओसरीकडे पाठ करून. तिला त्या पाठींचा फार राग आला. तिने मनाशी ठरवलं की टीव्ही बघायला म्हणून त्या घराचा उंबरा चढायचा नाही, आणि ही माणसं परत आपल्या अंगणात आणायची. कशी, ते तिला ठाऊक नव्हतं.

त्याच दिवसांत पोरींच्या क्रिकेटच्या मॅचेस सुरू झाल्या. रुख्मिणीबाईला खेळातलं औट, चौका आणि निळे कपडे घातलेल्या पोरी आपल्या, एवढंच कळे. एका संध्याकाळी आपल्या पोरीने समोरच्या पोरीची दांडी उडवली आणि ओसरीवर एकटी बसलेली रुख्मिणीबाई ओरडली, "औट!" तिचा घसा म्हणजे साधं काम नव्हतं. शेतात औत धरलेला माणूस तिच्या हाकेने जेवायला घरी येत असे. पण जगनच्या घरातून कुणी हूं की चूं केलं नाही. तिला वाटलं, झोपले की काय मेले. आणि मग, तंबाखू मळून होईल एवढ्या वेळाने, तिथून एकदम गलका उठला: "औट! औट!"

ते आपली नक्कल करताहेत असं तिला आधी वाटलं. पण पुढच्या वेळी तसंच झालं, त्याच्या पुढच्या वेळीही तसंच. ती "चौका" म्हणाली की थोड्या वेळाने तिकडे चौका. ती "अरे देवा" म्हणाली की थोड्या वेळाने तिकडे सगळे हळहळत.

पहिल्यांदा खुटखुट लागली ती संतरामला. मॅचच्या मधल्या सुटीत तो हळूच गल्ली ओलांडून आला आणि लांबूनच हात जोडून उभा राहिला. "आक्का, तुमच्या तोंडून निगतंय आन् तसंच होऊन राहिलं. कधीपासून होतंय हे?"

रुख्मिणीबाईला स्वतःलाच काही कळलं नव्हतं, पण कुणीतरी आपल्या अंगणात आलंय एवढं कळलं. ती गंभीर चेहरा करून गप्प बसली. गप्प बसण्याने माणूस केवढा मोठा होतो ते तिला त्या रात्री समजलं. सकाळी कोंडीबा आला. त्याचा बोकड हरवला होता आणि तो कुठे आहे ते तिने बसल्या जागी सांगावं अशी त्याची विनंती होती. रुख्मिणीबाईने डोळे मिटले आणि सांगितलं, संतरामच्या तुरीत. कोंडीबाचा बोकड रोजच संतरामच्या तुरीत असे, आणि त्या दिवशीही तिथेच सापडला. मग काय विचारता! दुपारपर्यंत तिच्या ओसरीवर रांग लागली. लोक येत, विचारत, पाया पडत, आणि संध्याकाळी मॅच बघायला जगनकडे जात. तिला हे शेवटचं काही पटेना.

तिचं हे मोठेपण आठवडाभरही टिकलं नाही. जगनने फायबरवाल्या रविंद्रला सेनगावहून बोलावून घेतलं, आणि वैनीला आधी कसं कळतं ते गल्लीतच उभं राहून विचारलं. रविंद्रला हसू आवरेना.

"दादा, छत्रीवर मॅच वरून जवळजवळ सरळच येते. नेटवर तिचे आधी तुकडे करतात, ते बांधून घरोघर धाडतात, आन् तुमचा टीव्ही थोडे तुकडे जमले की मंग दाखवायला लागतो. तेवढा उशीर व्हतोच."

"म्हंजे शिळं," ओसरीवरून रुख्मिणीबाई म्हणाली.

"शिळं न्हाई मावशी, जरा थांबून."

"ताटात थांबून आलेलं शिळंच आसतंय."

देवपण गेलं, पण हातात त्याहून धारदार हत्यार आलं. आपल्या पोरी खेळत असत तेव्हा रुख्मिणीबाई आता एकेक चेंडू मुद्दाम ओरडून सांगू लागली. जगनच्या घरात माणसं श्वास रोखून बसत आणि गल्लीपलीकडून निकाल येऊन पडे. मजा म्हणून राहिली नाही. जगनने आवाज वाढवला, तर हिने घसा वाढवला. त्याने दार लावून घेतलं, तर भीमसिंग चिडून उठला आणि चोरीच्या मालाची गोष्ट पुन्हा सांगून त्याने दार उघडलं. संतराम दोन दिवस ताजी मॅच बघायला रुख्मिणीबाईकडे येऊन बसला, तिने त्याला खांबाजवळसुद्धा बसू दिलं. पण तिसऱ्या दिवशी तो खाली मान घालून म्हणाला, "आक्का, ताजी हाय हे खरं, पर ह्यात चेंडूच दिसत न्हाई," आणि परत गेला. त्या रागात मग तिने खोटं ओरडायला सुरुवात केली. "औट" म्हणायची, तिकडे सगळे कपाळाला हात लावत, आणि मग त्यांना चौका दिसे. आता तर त्यांना हसावं की रडावं तेही कळेना.

शेवटी जगनने रामप्रसाद नाईकाकडे गाऱ्हाणं नेलं. तांड्यात नाईकाचा शब्द म्हणजे शेवटचा, मग भांडण बांधाचं असो की बायकोचं. लिंबाखाली बैठक बसली. रामप्रसाद नाईक म्हातारा आणि न्यायी माणूस, त्याने दोघांचं शांतपणे ऐकून घेतलं.

"वैनी माझी मॅच नासवून राहिली," जगन म्हणाला.

"घर माजं, टीव्ही माजा, तोंड माजं," रुख्मिणीबाई म्हणाली. "ह्याची मॅच शिळी हाय त्याला मी काय करू?"

नाईक विचारात पडला. "पर मला आधी हे सांगा, मॅच खरी होते कधी? हिच्याकडं होती तवा, का त्याच्याकडं होती तवा?"

यावर चांगलाच वाद झाला. एकजण म्हणाला मैदानात होते तेव्हा. दुसरा म्हणाला, मैदान कुणी बघितलंय? कोंडीबा उभा राहिला. बोकड सापडला तरी रुख्मिणीबाईने देवी नसताना आपल्याला पाया पडू दिलं, ही गोष्ट त्याच्या मनातून गेली नव्हती. तो म्हणाला, "जिथं बघनारी मानसं जास्त, तिथं ती खरी झाली. एकट्यानं बघितलेलं झालं काय आन् न झालं काय, सारखंच."

सगळ्यांनी माना डोलावल्या. रुख्मिणीबाईला ते वाक्य फार लागलं. नाईकाने निवाडा दिला: जगनच्या टीव्हीवर गलका उठेपर्यंत रुख्मिणीबाईने तोंडातून आवाज काढायचा नाही, नंतर खुशाल ओरडावं. तिने सगळ्यांसमोर शब्द दिला. दिलेला शब्द ती मोडणारी नव्हती.

मग आली फायनल. जगनकडे बघायला शेजारच्या तांड्यातूनही माणसं आली. रामप्रसाद नाईकाला खुर्ची होती. भीमसिंग मधोमध. रुख्मिणीबाई आपल्या ओसरीवर, आपल्या हिरव्या टीव्हीसमोर, ओढणीचं टोक दातात धरून. मॅच रेटत रेटत शेवटच्या चेंडूवर आली. समोरच्यांनी एक चौका मारला की कप त्यांचा, नाहीतर आपला.

चेंडू पडला. समोरच्या पोरीने तो असा उचलला की रुख्मिणीबाईच्या काळजाचं पाणी झालं. आपली एक पोरगी पाठमोरी धावत सुटली, मान वर, हात पुढे, आणि सीमेवरच्या दोरीच्या अगदी कडेला तिने तो चेंडू छातीशी झेलला नि तशीच पालथी पडली. दोरी हातभर राहिली.

जिंकलो!

ओरड रुख्मिणीबाईच्या घशाशी आली आणि तिथेच थांबली. समोर जगनच्या घरात सगळे अजून श्वास रोखून बसले होते. एवढी मोठी गोष्ट झाली होती आणि तांड्यात ती फक्त तिलाच ठाऊक होती. आनंदाने तिला कुणाला तरी घट्ट धरायचं होतं, आणि जवळ कुणाचा दंडसुद्धा नव्हता. कोंडीबा खरंच बोलला, असं तिला वाटलं. एवढं एकटं तिला जन्मात कधी वाटलं नव्हतं. मग तिने अहंकार ओसरीवर टाकला, ओढणीचा बोळा तोंडात कोंबला आणि पायात काही न घालता गल्ली ओलांडून ती जगनच्या उंबऱ्याच्या आत जाऊन उभी राहिली.

मोठ्या टीव्हीवर शेवटचा चेंडू टाकणारी पोरगी अजून चेंडू कपड्यावर घासत होती.

"आक्का, या की, बसा," संगिता म्हणाली.

रुख्मिणीबाईने नुसती मान हलवली. संतरामने वळून तिच्याकडे पाहिलं आणि तो ताडकन उठला. "अरे, हिनं बघितलंय!"

सगळी खोली वळली. जगन किंचाळला, "वैनी, बोलू नका हां! नाईकानं सांगितलंय!" आणि सगळ्यात आधी तोच तिच्या तोंडाकडे निरखून बघू लागला. रुख्मिणीबाईने भिंतीवरच्या कॅलेंडरात डोळे रोवले. चेहरा दगडासारखा ठेवायचा तिने फार प्रयत्न केला, पण डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"रडून राहिली. गेली मॅच," कोंडीबाने जाहीर केलं.

"न्हाई, न्हाई, गाल बघा, गाल वर गेले."

"तोंडात बोळा कोंबलाय म्हनून गेले ते."

"भीमसिंगा, तू सांग, तुजी बायको हाय."

भीमसिंग पुढे झुकला, त्याने डोळे बारीक करून पाहिलं आणि तो खांदे पाडून म्हणाला, "येवढी वर्सं झाली, मला आजून काही कळलं न्हाई."

"जिंकलो!" जगन हळूच म्हणाला. "नाक बघा. वैनी आतून हसली की तिचं नाक हसतं. मी लहान होतो तवापासून बघून राहिलो."

हे ऐकून रुख्मिणीबाईचं नाक आणखीच हसलं. रामप्रसाद नाईक खुर्चीवरून उठून जवळ आला. लेकरं पुढे घुसली. कुणी तिच्या भुवया वाचत होतं, कुणी हनुवटी, आणि सगळ्यांच्या पाठीमागे त्या मोठ्या टीव्हीवर एक पोरगी पाठमोरी धावत सुटली होती. मग टीव्हीतून मैदानभर गलका उठला. रुख्मिणीबाईने तोंडातला बोळा काढून फेकला आणि निवाड्याप्रमाणे, बरोबर गलक्यानंतर, ती ओरडली. तिच्याबरोबर अख्खी खोली ओरडली, संतरामने नाईकाला मिठी मारली आणि कोंडीबा खुर्चीवर उभा राहिला.

ओरडा जरा ओसरल्यावर जगनच्या लक्षात आलं. "पर झालं कसं? कुनी बघितलं?"

सगळे एकमेकांकडे बघू लागले. बघितलं कुणीच नव्हतं.

"दाखवतेल परत, थांबा," जगन रिमोट शोधू लागला.

"तुजं राहू दे रे," नाईक म्हणाला. "रुख्मिणीबाई, तू सांग. कसा झेलला?"

रुख्मिणीबाई डोळे पुसत पुढे गेली आणि थेट टीव्हीसमोर जाऊन उभी राहिली. तिने खाली बसलेल्यांना मागे सरकायला लावलं. मग मान वर करून, हात पुढे धरून, ती त्या खोलीत जागच्या जागी पाठमोरी धावायला लागली. तिच्या पुढे टीव्हीवर तोच झेल पुन्हा पुन्हा दाखवत होते आणि तिच्या पाठीमुळे तो कुणाला दिसत नव्हता. बाजूला हो, असं तिला कुणीही म्हणालं नाही.